ऊन पाण्याचे झरे : आपले व जपानचे

थंडीच्या दिवसांत पहाटे स्नान करणे म्हणजे काय, हे भोर व वेल्हे येथील मावळी वाचकांस सांगावयास नको. परसातील चुलीवर चढविलेला पाण्याचा हंडा, ओल्या लाकडांचा डोळ्यांत जाणारा धूर, घंगाळात ओतलेले कढत पाणी, आणि 'थोडे विसण घाल' म्हणून आईस मारलेली हाक, ही सर्व आपल्या नित्य परिचयाची आहेत. हंडाभर पाणी तापविण्यास किती सरपण लागते, हे ज्या मुलामुलींना रानातून मोळी आणावी लागली आहे, त्यांस चांगलेच ठाऊक आहे. अशा वेळी कोणी सांगितले की, सरपण नको, चूल नको, धूर नको, भूमातेनेच पाणी तापवून ठेविले असून ते रात्रंदिवस आपोआप वर येत आहे, तर ती कल्पित कथा वाटेल. परंतु ही गोष्ट अक्षरशः खरी आहे; आणि ती पाहण्यास फार दूरही जावयास नको. सह्याद्रीचा कडा उतरून कोकणात गेले म्हणजे झाले.

ह्या झऱ्यांचा व आपल्या भोरचा एक जुना संबंध आहे, तो प्रथम सांगतो. भोर संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले. त्यापूर्वी त्या संस्थानाचा बहुतेक मुलूख घाटमाथ्यावर असला, तरी सुधागड तालुका मात्र घाटाखाली कोकणात होता. पाली हे त्याचे मुख्य ठिकाण. ह्या पालीपासून थोड्याच अंतरावर उन्हेरे नावाचे गाव आहे व तेथे ऊन पाण्याची कुंडे आहेत. म्हणजे आपले पणजोबा ज्या संस्थानचे प्रजाजन होते, त्याच्या सीमेत निसर्गाने तापविलेले स्नानगृह होते! आज पाली व उन्हेरे ही रायगड जिल्ह्यात आहेत.

'उन्हेरे' हे नावच पाहा. मराठीत 'ऊन' म्हणजे सूर्याचा ताप, तसेच 'ऊन' म्हणजे गरम. 'ऊन ऊन भात' असे आपण म्हणतोच. संस्कृत 'उष्ण' ह्या शब्दापासून हा शब्द आला आहे. पालीचे उन्हेरे, दापोलीकडील उन्हवरे, राजापूरजवळचे उन्हाळे, ही तिन्ही नावे एकाच धातूची नाणी आहेत. शेकडो वर्षांपूर्वी ज्यांनी ही गावे वसविली, त्यांनी तेथील पाण्यात हात घालून पाहिला आणि जे जाणवले तेच गावाचे नाव ठेविले. गावाचे नाव ही त्या गावाच्या इतिहासाची पहिली ओळ असते, असे म्हणतात, ते उगीच नव्हे.

कोकणपट्टीत असे झरे उत्तरेस पालघर जिल्ह्यापासून दक्षिणेस राजापुरापर्यंत सुमारे तीनशे किलोमीटरांच्या पट्ट्यात जवळजवळ एका ओळीने आढळतात. उत्तरेकडे तानसा नदीच्या काठी वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी येथील कुंडे प्रसिद्ध आहेत. वज्रेश्वरीचे देऊळ वसईचा किल्ला १७३९ साली मराठ्यांनी जिंकल्यावर बांधले गेले. मध्यभागी पालीजवळचे उन्हेरे, त्याच्या दक्षिणेस महाडजवळ सावित्री नदीच्या काठी सव, पुढे उन्हवरे, नंतर संगमेश्वर तालुक्यात आरवली, तुरळ व राजवाडी, आणि शेवटी राजापूरचे उन्हाळे. सर्वांचे पाणी सारखे तापलेले नसते. काही ठिकाणी ते केवळ कोमटाहून थोडे अधिक, म्हणजे ३४ ते ४० अंश सेल्सिअस असते. तर उन्हवऱ्यास ते सुमारे ७० अंशांपर्यंत पोहोचते. माणसाच्या शरीराची उष्णता सुमारे ३७ अंश असते, हे ध्यानात घेतले, म्हणजे ७० अंशांचे पाणी किती दाहक असेल, ह्याची कल्पना येईल. त्या पाण्यात विसणावाचून हात घालणे म्हणजे चटका ओढवून घेणे होय.

आता विद्यार्थी विचारतील, 'हे पाणी तापविते कोण?' पुष्कळांचा समज असा असतो की, झऱ्याखाली ज्वालामुखी आहे, किंवा तेथे गंधक जळत आहे. हे दोन्ही समज चुकीचे आहेत. सह्याद्री ज्या काळ्या खडकाचा झाला आहे, तो खडक एकेकाळी तप्त लाव्हारसाच्या रूपाने भूगर्भातून वर आला, हे खरे. परंतु त्या गोष्टीस सुमारे साडेसहा कोटी वर्षे होऊन गेली. तो लाव्हारस केव्हाच थंड झाला. त्याची ऊब आजपर्यंत टिकणे शक्य नाही.

खरे कारण निराळे आहे. पृथ्वीच्या पोटात जसजसे खोल जावे, तसतशी उष्णता वाढत जाते. साधारणपणे दर किलोमीटर खोलीस २५ ते ३० अंश सेल्सिअस एवढी ती वाढते. पावसाचे पाणी खडकांतील फटींतून झिरपत झिरपत खाली जाते. कोकणातील खडकांत समुद्रकिनाऱ्यास समांतर अशा लांब व खोल भेगा पडलेल्या आहेत. अशा भेगेत शिरलेले पाणी फार खोल जाते, तेथील खडकाच्या सान्निध्याने तापते, आणि तापलेले पाणी हलके असल्यामुळे व वरून येणाऱ्या पाण्याचा दाब असल्यामुळे दुसऱ्या एखाद्या वाटेने पुन्हा वर येते. जेथे ते भूपृष्ठास भेटते, तेथे ऊन पाण्याचा झरा होतो.

आपण एक लहानसे गणित करून पाहू. जमिनीवरील पाणी २५ अंशांचे आहे असे धरा. ते ७० अंशांचे होण्यास ४५ अंशांची भर पडली पाहिजे. दर किलोमीटरास ३० अंश धरल्यास त्यास दीड किलोमीटर, आणि २५ अंश धरल्यास जवळजवळ पावणेदोन किलोमीटर खोल जावे लागेल. शिवाय वर येताना ते थोडे निवतेच. म्हणजे प्रत्यक्षात याहूनही अधिक खोल जावे लागत असले पाहिजे. आपला तोरणा किल्ला समुद्रसपाटीपासून सुमारे १४०० मीटर उंच आहे. तो समुद्रसपाटीपासून खाली उलटा रोवला, तर त्याचे टोक जेथवर पोहोचेल, त्याहूनही खोल उतरून हे पाणी पुन्हा वर आले आहे! उन्हवऱ्याच्या कुंडातील एक ओंजळ पाणी हातात घेणाराने हा प्रवास मनात आणावा.

इतका लांबचा प्रवास करून येणारे पाणी वाटेतील खडकांतून अनेक क्षार विरघळवून आणते. त्यामुळे त्याची चव खारट किंवा मचूळ लागते व त्यात साबणाचा फेस नीट होत नाही. काही ठिकाणी नासलेल्या अंड्यासारखा वास येतो. तो गंधक जळाल्याचा नसून गंधकयुक्त वायूचा असतो. किनाऱ्याजवळच्या काही झऱ्यांत समुद्राच्या पाण्याचाही अंश मिसळलेला असतो, असे भूगर्भशास्त्रज्ञांस आढळून आले आहे.

येथवर आपल्या घरची गोष्ट झाली. आता क्षणभर समुद्र ओलांडून जपानात जाऊ. कारण ऊन पाण्याच्या झऱ्याचे काय करता येते, हे त्या लोकांनी जगास दाखविले आहे. जपानात सुमारे १११ जागृत ज्वालामुखी आहेत. तेथे ऊन पाण्याचे उगम सुमारे २७ हजार असून, राहण्याची सोय असलेली झऱ्यांची ठिकाणे सुमारे तीन हजार आहेत. अशा झऱ्यास जपानी भाषेत 'ओन्सेन' म्हणतात. १९४८ साली, म्हणजे ज्या वर्षी भोर संस्थान विलीन झाले त्याच वर्षी, जपानात ह्या झऱ्यांविषयी कायदा झाला. उगमाशी पाणी २५ अंश किंवा त्याहून अधिक उष्ण असावे, अथवा त्यात ठरावीक द्रव्यांपैकी एखादे ठरावीक प्रमाणात असावे, तरच त्यास ओन्सेन म्हणावे, असे त्यात ठरविले आहे. ह्या मापाने मोजले असता आमचे उन्हेरे, सव, तुरळ, राजापूर, सारीच ओन्सेन ठरतात!

तेथील कित्येक झरे अगदी समुद्रकाठी आहेत. इझु द्वीपकल्पावरील अतामी ह्या गावाच्या नावाचा अर्थच 'तप्त समुद्र' असा आहे. आमच्या उन्हवऱ्याचे ते नावापुरते भावंडच म्हणावयाचे. क्यूशू बेटावरील बेप्पू हे शहर एका उपसागराच्या काठी असून तेथे इतक्या जागी वाफा निघतात की, दुरून पाहणारास गावातील घरोघरी एकदमच चुली पेटल्या आहेत असे वाटावे. त्याच बेटावरील इबुसुकी येथे तर समुद्रकाठची वाळूच खालील ऊन पाण्याने तापते. तेथे मनुष्यास सुती अंगरखा घालून वाळूत निजवितात व फावड्याने गरम वाळू त्याच्या अंगावर मानेपर्यंत लोटतात. सुमारे दहा मिनिटांत तो घामाने निथळून उठतो. शिराहामा ह्या फार प्राचीन ठिकाणी तर कुंड इतके पाण्याजवळ आहे की, बसलेल्या माणसास समोर खडकावर फुटणाऱ्या लाटा दिसतात. विशेष हे की, ह्या शिराहामाजवळ एकही जागृत ज्वालामुखी नाही. तेथील उष्णताही आपल्या कोकणाप्रमाणे ज्वालामुखीवाचून खोल भूगर्भातूनच आलेली आहे. म्हणून जपानातील सर्व झऱ्यांत आमच्या झऱ्यांचे जवळचे नातेवाईक शोधावयाचे, तर ते शिराहामासारख्या ठिकाणी सापडतील.

अशा ठिकाणी प्रवाशांसाठी ज्या खाणावळी असतात, त्यांस 'रियोकान' म्हणतात. एखाद्या समुद्रकाठच्या रियोकानात उतरणाऱ्या पाहुण्याचा दिवस कसा जातो, ते पाहण्यासारखे आहे. पाहुणा दुपारी तीन वाजण्याच्या सुमारास येतो. दारातच जोडे काढावे लागतात. ही रीत आपणांस ओळखीची वाटेल. खोलीत गवताच्या जाड चटया अंथरलेल्या असतात व त्यांवर अनवाणी किंवा मोजे घालूनच चालावयाचे. खुर्च्यांचा व पलंगांचा थाट नसतो. एक बुटके मेज, बसावयास गादी, आणि चहाचे साहित्य एवढेच सामान. पाहुण्यास एक साधा सुती अंगरखा देतात. तो घालताना डाव्या बाजूचा पदर उजव्यावर घ्यावयाचा. उलट घेतल्यास तेथील लोक दचकतात, कारण तशी रीत फक्त मृतास वस्त्र नेसविताना असते. संध्याकाळी स्नान, नंतर मासळी, समुद्रातील शेवाळ, भात, लोणची व कालवणाचा वाडगा असे भोजन. जेवण होईतो किंवा त्यानंतर सेवक चटईवरच बिछाना घालून जातात. पहाटे उठून पुन्हा एक स्नान, न्याहारी, आणि दहाच्या सुमारास प्रस्थान. श्रीमंती खाणावळींचे दर फार मोठे असतात, हेही खरे. परंतु पुष्कळ गावांत अल्प मोल घेणारी साधी सार्वजनिक स्नानगृहेही असून गावकरी तेथे रोज जातात.

ह्या सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट भोजनाची नव्हे, बिछान्याचीही नव्हे. ती आहे कुंडात उतरण्याच्या नियमांची. कुंडात उतरण्यापूर्वी प्रत्येकाने बाहेर लहानशा चौरंगावर बसून साबणाने अंग स्वच्छ धुतलेच पाहिजे व साबणाचा अंशही राहू देता कामा नये. कुंड हे अंगाचा मळ काढण्याची जागा नव्हे. निर्मळ झालेल्या शरीराने स्वस्थ बसण्याची ती जागा आहे. कुंडात कपडा बुडवावयाचा नाही. हातातला लहान पंचा काठावर ठेवावा किंवा घडी करून डोक्यावर ठेवावा. डोके पाण्यात बुडवावयाचे नाही. पोहावयाचे नाही, पाणी उडवावयाचे नाही, मोठ्याने बोलावयाचे नाही. बहुतेक ठिकाणी स्त्रियांची व पुरुषांची स्नानगृहे वेगळी असतात. लहान मूल आईबापांच्या हाताशी राहून हे नियम चार-पाच वर्षांच्या वयातच शिकते. त्यास त्याकरिता पाटी लावून दाखवावी लागत नाही.

नियमांच्या जोडीस तेथे एक कर आहे. स्नानास येणाऱ्या प्रत्येक माणसाकडून सामान्यतः १५० येन एवढी लहान रक्कम घेतात. ती गावच्या स्वच्छतेसाठी, झऱ्यांच्या रक्षणासाठी, आग विझविण्याच्या साधनांसाठी व प्रवाशांच्या सोयीसाठी खर्च करावी असा दंडक आहे. म्हणजे जो पाण्याचे सुख घेतो, तोच पाण्याच्या राखणीचा थोडासा भार उचलतो. ही व्यवस्था किती साधी, आणि किती न्याय्य आहे!

तथापि जी भूमी ऊन पाणी देते, ती कधी कधी रुद्र रूपही धारण करिते. १ जानेवारी २०२४ रोजी जपानच्या नोतो द्वीपकल्पात मोठा भूकंप झाला. तेथे समुद्रकाठी वाकुरा नावाचे ऊन पाण्याचे प्रसिद्ध गाव आहे. तेथील खाणावळींच्या इमारतींस एवढी इजा झाली की, त्या बंद ठेवणे भाग पडले. नववर्षाच्या दिवशी पाहुण्यांनी गजबजलेले गाव एका सायंकाळी ओस झाले. निसर्गाचे दान कायमचे व हक्काचे आहे असे मानून चालणाराने हे उदाहरण लक्षात ठेवावे.

आता आपल्याकडील कुंडांकडे पुन्हा वळू. आमच्या कुंडांवर श्रद्धाळू लोक जातात, वृद्ध माणसे सांधेदुखीकरिता जातात, सहलीची मुले जातात. काही ठिकाणी सिमेंटची कुंडे बांधून स्त्रीपुरुषांची वेगळी सोय केलेली आहे. परंतु पुष्कळदा असे दिसते की, लोक अंगास साबण लावून सरळ कुंडात उतरतात, काठावर कपडे धुतात, आणि साबणाची वेष्टने, तेलाच्या पिशव्या व फुलांचे निर्माल्य तेथेच टाकून येतात. दीड-दोन किलोमीटर खोलीतून निर्मळ होऊन वर आलेले पाणी आपण एका घटकेत घाण करितो. झऱ्याचा दोष नाही, गावकऱ्यांचाही एकट्यांचा दोष नाही. 'हे पाणी सर्वांचे आहे' ह्याचा अर्थ आपण 'हे पाणी कोणाचेच नाही' असा करितो, हा खरा दोष आहे.

ऊन पाण्याने रोग बरे होतात काय, ह्याविषयीही सरळ बोलले पाहिजे. लावणीच्या दिवसांत आपली माणसे दिवसदिवस वाकून चिखलात उभी असतात. त्यांचे कंबर व गुडघे धरतात. ऊन पाण्यात बसले असता रक्तवाहिन्या रुंदावतात, ताठलेले स्नायू सैल होतात, पाणी शरीराचा भार उचलते, म्हणून सांध्यांस विसावा मिळतो व त्या रात्री झोपही चांगली लागते. एवढा लाभ खरा आहे. परंतु ह्या पाण्याने क्षय, मधुमेह किंवा महारोग जातो, असे कोणी म्हटल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. ह्या रोगांवर आज चांगली औषधे आहेत, आणि झऱ्याच्या भरवशावर ती थांबविणे म्हणजे जिवाशी खेळणे होय. हृदयविकार असलेल्यांनी, गर्भवती स्त्रियांनी, ताप असलेल्यांनी व अंगावर उघडी जखम असलेल्यांनी डॉक्टरांस विचारल्यावाचून कुंडात उतरू नये. भरल्या पोटी किंवा मद्य घेऊन तर कोणीच उतरू नये. एका वेळी दहा मिनिटे पुरेत. उठताना सावकाश उठावे, कारण एकदम उभे राहिल्यास घेरी येते. नंतर साधे पाणी प्यावे. मुलांस कुंडापाशी एकटे सोडू नये. आणि जपानी लोकांप्रमाणे डोके व नाक पाण्याबाहेर ठेवावे. कारण उष्ण गोड्या पाण्यात क्वचित एक अतिसूक्ष्म जीव असतो, तो नाकावाटे मेंदूत शिरल्यास बहुधा प्राणघातक ठरतो. असा प्रसंग अत्यंत विरळा. पण सावधगिरीस काही मोल पडत नाही.

भोरहून कोकणात उतरणारा जुना रस्ता वरंधा घाटाचा. हिरडोशीच्या बाजूने वर जाऊन घाटाच्या वळणांनी खाली उतरले की आपण महाडास पोहोचतो. वेल्ह्याकडील लोकांस केळदजवळचा मढे घाट ठाऊक आहेच. तानाजी मालुसरे ह्यांचा देह १६७० साली ह्याच वाटेने त्यांच्या गावी नेला, अशी परंपरागत समजूत आहे. पावसाळ्यात वरंधा घाटात दरडी कोसळतात व रस्ता बंद ठेवावा लागतो. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून फार मोठी प्राणहानी झाली, हे कोणी विसरू शकत नाही. म्हणून ही यात्रा मार्गशीर्ष ते माघ ह्या महिन्यांतच करावी.

महाडास पोहोचल्यावर सवच्या झऱ्याकडे वळण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याने एका वेगळ्या पाण्यापाशी थांबावे. ते पाणी ऊन नाही. ते आहे चवदार तळे. महाड नगरपालिकेने १९२४ साली हे तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव केला होता. परंतु ठराव कागदावर राहिला व अस्पृश्य म्हणविलेल्या बांधवांस तेथे ओंजळभर पाणी घेण्याची सोय नव्हती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले व त्यांनी ते पाणी प्राशन केले. त्यापायी लोकांस मार खावा लागला, पुढे दहा वर्षे न्यायालयात दावा चालला, आणि १९३७ साली मुंबईच्या उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. तळ्याचे पाणी त्या दिवशी काही निराळे झाले नव्हते. जे बदलावयाचे होते ते काठावर उभ्या असलेल्या माणसांच्या मनात होते.

हे वाचताना शुभवर्तमानातील बेथेस्दा तळ्याची गोष्ट कोणास आठवणार नाही? त्या तळ्याच्या पाच पडव्यांत रोगी पडून असत. पाणी हालले की जो प्रथम उतरेल तो बरा होई, असे ते समजत. अडतीस वर्षे दुखणाईत असलेल्या एका मनुष्याची तक्रार पाण्याविषयी नव्हती. आपणांस पाण्यात सोडावयास कोणी माणूस नाही, ही त्याची तक्रार होती. पाणी होते, पण माणूस नव्हता! प्रभू येशू त्याच्यापाशी थांबले. ज्याच्यापाशी कोणी थांबत नाही त्याच्यापाशी थांबणे, हाच त्या गोष्टीचा बोध.

जपानी स्नानगृहात धनी आणि चाकर, गुरू आणि शिष्य एकाच कुंडात खांद्यास खांदा लावून बसतात. अधिकाराची चिन्हे अंगावरील वस्त्रांबरोबर बाहेरच राहतात. चवदार तळ्याने आपणांस सांगितले की, पाणी सर्वांचे आहे. जपानी कुंड सांगते की, जे सर्वांचे आहे ते प्रत्येकाने निर्मळ राखिले पाहिजे. पहिल्या गोष्टीवाचून दुसरी अन्यायाची होते, आणि दुसरीवाचून पहिली टिकत नाही. हक्क व कर्तव्य ही दोन्ही एकाच कुंडाच्या दोन पायऱ्या होत.

सावित्री नदी महाडावरून पुढे बाणकोटास समुद्रास मिळते. ह्याच बाणकोटास १८२३ साली स्कॉटिश मिशनच्या कार्याचा आरंभ झाला. आणि दापोली तालुक्यातील हर्णै येथे राहून डॉ. जॉन विल्सन ह्यांनी १८२९ साली मराठीचा अभ्यास केला. जवळच मुरूड आहे. तेथे महर्षी धोंडो केशव कर्वे ह्यांचे बालपण गेले. जपानातील महिला विद्यापीठाची माहिती वाचून त्यांना स्फूर्ती झाली व १९१६ साली त्यांनी आपले महिला विद्यापीठ स्थापिले. जपानकडून काही चांगले घ्यावयाचे, तर त्याचा धडा ह्याच किनाऱ्यावरील एका शिक्षकाने शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी घालून दिला आहे.

दापोलीकडील ह्या किनाऱ्यावर आज घरगुती खाणावळी पुष्कळ आहेत. दिवसा पन्हाळेकाजीची लेणी व उन्हवऱ्याचे कुंड पाहावे, आणि सायंकाळी समुद्रकाठच्या एखाद्या घरी भात, सोलकढी व मासळीचे जेवण जेवून लाटांचा आवाज ऐकत निजावे. रियोकानाचा थाट तेथे नसेल. पण दारात जोडे काढावयाचे, जमिनीवर बसावयाचे, ताटात समुद्राचे देणे यावयाचे, आणि यजमानीणबाईंनी 'आणखी थोडा भात घ्या' म्हणावयाचे, ह्यांत उणे काय आहे? उणे आहे ते एवढेच की, कुंडाच्या काठी गेल्यावर आपणांस जपानी मुलासारखे वागता आले पाहिजे.

यास्तव विद्यार्थिमित्रहो, पुढील सहलीस किंवा आजीआजोबांस घेऊन जेव्हा तुम्ही अशा झऱ्यावर जाल, तेव्हा एक बादली व एक तांब्या बरोबर न्या. कुंडापासून दूर जाऊन, विसण घालून, साबणाने अंग धुवा व मगच पाण्यात उतरा. आपला कचरा आपल्या पिशवीत घालून घरी आणा. तेथील गावकऱ्यांनी कुंडाच्या राखणीसाठी काही मागितले, तर घासाघीस न करिता द्या. आणि काठावर एखादी म्हातारी काठी टेकीत उभी असेल, तिला पायरी दिसत नसेल, तर ती कोणाची आहे, कोणत्या गावची आहे, कोणत्या जातीची आहे हे न विचारता तिचा हात धरून तिला पाण्यापर्यंत न्या. भूमातेने तोरण्याहून खोल जाऊन पाणी तापवून आणिले. शेवटच्या दोन पायऱ्यांचे काम तिने आपणांवर सोपविले आहे.